हरभरा पहिल्यांदाच पेरताय? तारीख, खत आणि घाटे अळी, सगळं क्रमानं

सोयाबीन निघालं की रान मोकळं होतं, घरात बियाणं असतंच, मग "चला, हरभरा टाकून देऊ" म्हणून पेरून मोकळं व्हायचं आणि पुढं थेट अळी दिसल्यावर पंप पाठीला लावून पळायचं, असं आपल्याकडं मराठवाड्यात, विदर्भात कितीतरी जण करतात. मग एकरी चार-पाच क्विंटलवर गाडी अडते आणि सगळा दोष जातो अळीला. माझं स्पष्ट मत आहे की हरभऱ्याचं बरंचसं उत्पन्न पहिल्या ४०-४५ दिवसांतच ठरून जातं, आणि त्या दिवसांत जे करायचं असतं त्याला पैसा फार थोडा लागतो, वेळ मात्र पाळावी लागते. योग्य तारीख, बियाण्याला लावायची स्वस्तातली पाकिटं, आणि आठवड्यातून दोनदा रानात वाकून बघणं, एवढं जमलं की महागड्या फवारण्यांची गरजच कमी होते.

शहरातली नोकरी सोडून गावी आलेली किंवा वडिलांकडून नुकतंच रान हातात घेतलेली बरीच पोरं हल्ली हेच विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून काढतोय. राहुरी, परभणी आणि अकोला या तीन कृषी विद्यापीठांच्या शिफारशी हेक्टरी असतात, मी इथं शक्यतो एकरी करून दिल्यात (एक हेक्टर म्हणजे अडीच एकर धरा).

आधी रान बघा

हरभऱ्याला मध्यम ते भारी रान चालतं पण पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. चोपण, खारवट रानात किंवा पावसाळ्यात जिथं पाणी तुंबतं त्या तुकड्यात हरभरा घेऊ नका, तिथं दुसरं काहीतरी बघा. अजून एक गोष्ट घरातल्या मोठ्या माणसांना विचारून घ्या, ती म्हणजे मागं या रानात हरभरा मरला होता का. मर रोगाची बुरशी (फ्युजारियम) पीक नसतानासुद्धा जमिनीत सहा-सहा वर्षं जिवंत राहते, त्यामुळं ज्या तुकड्यात झाडं उभ्याउभ्या पिवळी पडून वाळली होती तिथं लगेच परत हरभरा घातला तर कितीही खर्च करा, पट्टेच्या पट्टे बसणार. अशा तुकड्यात ज्वारी, गहू, करडई असं काहीतरी घेऊन फेरपालट करायची.

शेणखत घालायचं असेल तर पूर्ण कुजलेलंच घाला, एकरी दोन टन पुरे, आणि शक्यतो ते खरिपाच्या पिकालाच दिलेलं बरं. कच्चं शेणखत किंवा सोयाबीनचा न कुजलेला काडीकचरा रानात असला आणि वरून ओल जास्त झाली की रोपं जमिनीलगत मानेपाशी कुजतात, तिथं पांढरी बुरशी आणि मोहरीच्या दाण्यासारख्या बारीक गोळ्या दिसतात. त्याला मानकुज म्हणतात, आणि ती सुरू झाल्यावर फारसं काही करता येत नाही. म्हणून काडीकचरा गोळा करून बांधाला लावा, पेटवू मात्र नका.

तारीख, सगळ्यात महत्त्वाची

जिरायत हरभरा, म्हणजे ज्याला पुढं पाणी मिळणारच नाही, तो २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर या काळात पेरायचा, म्हणजे परतीच्या पावसाची ओल त्याला सापडते. पाण्याची सोय असली तर २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर. काबुली हरभरा बागायतीतच घ्या आणि तोही याच काळात.

आता या तारखा अशाच का, हे समजून घेतलं तर पाऊस लांबला तेव्हा तुमचा तुम्हालाच निर्णय घेता येईल. हरभऱ्याला थंडी लागते. फांद्या फुटायला, फुलं टिकायला आणि घाटे (म्हणजे शेंगा) भरायला त्याला थंड, कोरडी हवा आणि स्वच्छ ऊन पाहिजे. फार लवकर पेरला, जमीन अजून तापलेली आणि ओली आहे, तर मूळकुज आणि मर सुरुवातीलाच येते. उशीर केला, समजा नोव्हेंबरचा शेवट उजाडला, तर झाडाला फांद्या फुटायला थंडीचे दिवस कमी मिळतात आणि घाटे भरायच्या टायमाला फेब्रुवारीचं ऊन सुरू होतं, मग पीक घाई करून पिकतं, दाणा बारीक राहतो आणि वरचे घाटे पोचट निघतात. वर त्याच दिवसांत आजूबाजूचं लवकरचं पीक वाळायला लागल्यामुळं पतंग उठून तुमच्या हिरव्या रानात येतात ते वेगळंच. म्हणजे एका उशिरानं उष्णता आणि अळी दोन्ही अंगावर घेतल्यासारखं होतं.

खरी अडचण येते ती सोयाबीन उशिरा निघतं तेव्हा, किंवा ऑक्टोबरात परतीचा पाऊस हटतच नाही तेव्हा. अशा वेळी चिखलात पेरायची घाई करू नका, वाफसा येऊ द्या, म्हणजे ओल बेताची होऊन रान पेरण्याजोगं होऊ द्या, पण वाफसा आल्यावर एक दिवससुद्धा घालवू नका. नांगरट, रोटर, पुन्हा पाळी असा सगळा सोपस्कार करत बसलं की चार-आठ दिवस जातात आणि वरची ओल उडून जाते. सोयाबीनचं रान तसंही भुसभुशीत असतं, एक वखराची पाळी घालून लगेच पेरलं तरी चालतं. जिरायतीत बी १० सेंटिमीटरपर्यंत खोल ओलीवर पडलं पाहिजे, बागायतीत ५ सेंटिमीटर पुरतं.

वाण आणि बियाणं किती

वाण निवडताना दोनच प्रश्न विचारा, मरीला तो प्रतिकारक आहे का, आणि तुमच्याकडं पाणी आहे का. राहुरीचे विजय आणि दिग्विजय जुने आहेत पण अजून विश्वासाचे. विजय जिरायतीत आणि थोड्या उशिराच्या पेरणीतही तग धरतो. जाकी ९२१८ विदर्भ-मराठवाड्यात खूप आहे. बदनापूरचा बीडीएनजी ७९७ म्हणजे आकाश, अकोल्याचा पीडीकेव्ही कांचन हेही चांगले. हार्वेस्टरनं काढायचा असेल तर फुले विक्रम बघा, तो उंच वाढतो आणि घाटे जमिनीपासून वर लागतात. काबुलीत विराट, पीकेव्ही २ वगैरे, पण पहिल्या वर्षी काबुलीच्या नादी लागू नका असंच सांगेन. बियाणं महाग, मरीचा धोका जास्त आणि पाण्याचं गणित सांभाळावं लागतं.

बियाणं किती लागतं हे वाणाच्या दाण्यावर ठरतं, आणि इथं नवीन माणूस हमखास गोंधळतो कारण शेजारी एकरी २८ किलो म्हणतो, दुकानदार ४० सांगतो. दोघंही बरोबर असू शकतात. दोन ओळींत ३० आणि दोन रोपांत १० सेंटिमीटर धरलं तर एकरात साधारण १ लाख ३३ हजार झाडं बसतात. घरच्या काट्यावर १०० दाण्यांचं वजन करा (ग्रॅममध्ये), त्याला १.३३ नं गुणा, तेवढे किलो बी एकराला लागतं, जर सगळंच उगवलं तर. विजयचा दाणा बारीक, १०० दाणे १८ ग्रॅम भरले तर २४ किलो येतात. दिग्विजय किंवा जाकीसारखा २४ ग्रॅम भरला तर ३२ किलो. वर न उगवणाऱ्या आणि वाया जाणाऱ्या बियांची भर घातली की पहिल्याचे २८ आणि दुसऱ्याचे ४० होतात. काबुलीला ५० च्या आसपास जातं.

घरचं बियाणं असेल तर पेरायच्या आधी दहा दिवस उगवण तपासून घ्या, हे टाळू नका. गोणपाटाचा तुकडा भिजवायचा, त्यावर १० बाय १० असे १०० दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची, सात-आठ दिवसांनी उघडून धडधाकट कोंब मोजायचे. ८५ च्या पुढं असतील तर बिनधास्त पेरा, ७०-८० असतील तर त्या हिशोबानं बी वाढवा, त्याच्या खाली असेल तर डाळ करून खा आणि बी नवीन आणा.

बीजप्रक्रिया

सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम हेच. दोन गोष्टी साधायच्यात. एक, बुरशीपासून संरक्षण, त्यासाठी ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम एका किलोला. दोन, हवेतला नत्र मुळाशी आणून देणारे जिवाणू, म्हणजे रायझोबियम, आणि जमिनीत अडकून बसलेला स्फुरद मोकळा करणारे पीएसबी, दोन्ही प्रत्येकी २५० ग्रॅम १० किलो बियाण्याला. बाटलीतलं द्रवरूप कल्चर (म्हणजे हेच जिवाणू) असेल तर बाटलीवर लिहिलेलं प्रमाण घ्या.

रायझोबियम घेताना पाकिटावर "हरभरा" लिहिलंय का ते वाचून घ्या. सोयाबीनचं किंवा तुरीचं पाकीट हरभऱ्याला उपयोगाचं नाही, प्रत्येक गटाचे जिवाणू वेगळे असतात. एक्सपायरी बघा, आणि दुकानात ते पाकीट काचेजवळ उन्हात पडलेलं असेल तर घेऊ नका, आतले जिवाणू जिवंत असले तरच त्याचा उपयोग. शक्य असेल तर विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या विक्री केंद्रातूनच आणा.

करायचं असं. लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड होऊ द्यायचा, गरम द्रावणात कल्चर टाकलं की संपलं. ताडपत्रीवर बी पसरायचं, लागेल तेवढंच द्रावण शिंपडायचं, वरून कल्चर टाकून हलक्या हातानं चोळायचं, दाण्यावर काळसर एकसारखा थर बसला पाहिजे पण बी भिजून फुगलं नाही पाहिजे. मग सावलीत तासभर वाळवून त्याच दिवशी पेरायचं. विकतचं रंगीत बियाणं असेल तर त्याला बुरशीनाशक आधीच लावलेलं असतं, त्यावर ट्रायकोडर्मा लावू नका, रायझोबियम आणि पीएसबी पेरणीच्या अगदी तोंडावर लावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कल्चर लावलेलं बी रासायनिक खतात मिसळून एकाच चाड्यातून (पाभरीवरच्या बी सोडायच्या तोंडातून) सोडायचं नाही, खताच्या क्षारानं जिवाणू मरतात आणि केलेलं काम वाया जातं.

खत, सगळं पेरणीबरोबरच

शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश अशी आहे, एकरी १०, २० आणि १२. सोपा मार्ग म्हणजे डीएपीची एक ५० किलोची बॅग आणि २० किलो पोटॅश. एका बॅगेत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद येतो, गणित जुळतं.

पण मी स्वतः सुपर फॉस्फेटकडं झुकतो, सांगतो का. २२ किलो युरिया, सिंगल सुपर फॉस्फेट १२५ किलो म्हणजे अडीच बॅगा आणि २० किलो पोटॅश असं घेतलं तर नत्र-स्फुरद-पालाश तेवढंच मिळतं, आणि वर सुपर फॉस्फेटमधून १३-१४ किलो गंधक फुकट येतं. डाळवर्गाला प्रथिनं तयार करायला गंधक लागतंच आणि डीएपीत ते नसतं. शिवाय ऐन हंगामात डीएपीचा तुटवडा असतो, दुकानात बॅगेबरोबर नको असलेली दुसरी बाटली गळ्यात मारतात, तो ताणही वाचतो. बॅगा जास्त वाहाव्या लागतात एवढंच. खत बियाण्याच्या खाली दोन बोटं पडेल अशी दोन चाड्यांची पेरणी करा, फोकून दिलेला स्फुरद वरच्या कोरड्या मातीतच पडून राहतो, मुळापर्यंत जात नाही. माती परीक्षणात जस्त कमी दाखवलं असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट जमिनीतून द्या, नसेल दाखवलं तर देऊ नका.

आता युरियाबद्दल कळकळीनं सांगतो. उगवून आलेला हरभरा जरा फिकट दिसला की लोक युरिया टाकतात. दोन-चार दिवसांत रान काळंभोर दिसतं आणि माणूस खूश होतो. पण आयता नत्र मिळाला की झाड मुळावर गाठी धरायचं काम कमी करतं, नुसतं अंगानं वाढतं, दाटी होते, खाली हवा खेळत नाही, फुलं कमी लागतात आणि त्या कोवळ्या पाल्यावर अळीचे पतंग अंडी घालायला येतात. सुरुवातीचे १० किलो नत्र गाठी तयार होईपर्यंतची सोय आहे, पुढचं झाड स्वतः बघतं.

ते बघतंय की नाही हे तपासता येतं. पेरणीनंतर ३०-३५ दिवसांनी, जमीन जरा ओली असताना, रानाच्या चार-पाच जागी एकेक झाड खुरप्यानं मातीच्या ढेकळासकट काढा. ओढून उपटू नका, गाठी मातीत तुटून राहतात. ढेकूळ बादलीतल्या पाण्यात हळूहळू विरघळू द्या. मुख्य मुळाच्या वरच्या भागात गाठींचे झुबके दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल निघाली तर ती नत्र तयार करतेय. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती काम करत नाही. गुलाबी गाठी भरपूर असतील तर कुणी काहीही सांगो, युरिया टाकायचा नाही. पाच झाडांत गाठीच नाहीत असं निघालं तर समजायचं की कल्चर लागलं नाही किंवा पाणी साचून मुळांना हवा मिळाली नाही. अशा वेळी फुलोऱ्यात २ टक्के युरियाची फवारणी करायची, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम, आणि दहा-पंधरा दिवसांनी परत एकदा. जिरायत हरभऱ्यात जमीन कोरडी असताना ही फवारणी गाठी चांगल्या असल्या तरी फायद्याची ठरते, कारण कोरड्यात मुळं काही उचलू शकत नाहीत. खताच्या बाबतीत एवढं पुरे, बाकी टॉनिकच्या रंगीबेरंगी बाटल्यांचे पैसे वाचवा.

तण, शेंडे आणि पाणी

पहिली कोळपणी २०-२५ दिवसांनी, दुसरी त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी, मधे एक खुरपणी. कोळपणीनं तणही जातं आणि भेगा बुजून ओलही टिकते. मजूर मिळतच नसतील तर पेरणीनंतर लगेच, उगवायच्या आत, पेंडीमेथॅलीन लेबलवरच्या प्रमाणात फवारा, जमिनीत ओल पाहिजे.

बागायत हरभरा जोरात असेल तर फुलं यायच्या आधी, महिन्याभराचा झाला की शेंडे खुडा, बाजूच्या फांद्या वाढतात आणि खुडलेल्या पाल्याची भाजी घरात होते, बाजारातही विकली जाते. जिरायतीत, ताणावर असलेल्या पिकाचे शेंडे मात्र खुडू नका.

पाण्यात सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या जास्त पाणी देऊनच होतात. मध्यम रानात तीन पाळ्या पुरतात, २५-३० दिवसांनी, ४५-५० दिवसांनी आणि घाटे भरताना ६५-७० दिवसांनी. भारी काळ्या रानात दोनवर भागतं, ३०-३५ आणि ६०-६५ दिवसांनी. एकच पाणी असेल तर ते फुलोरा सुरू होताना द्या. जमिनीला मोठ्या भेगा पडायच्या आत पाणी द्यायचं, भेगा पडल्यावर दिलं की पाणी भेगांतच जातं आणि मुळाशी तुंबतं, मग दुसऱ्या आठवड्यात झाडं माना टाकतात. तुषार असेल तर फार चांगलं, तीन-चार तास चालवून बंद करा, रात्रभर लावून झोपू नका.

घाटे अळी, औषधाच्या आधी करायची कामं

हरभऱ्याच्या पानावर आंब असते, सकाळी रानातून चाललं की कपडे चिकट आणि पाय चरचरतात ती. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात, म्हणून बहुतेक किडी हरभऱ्याच्या वाटेला जात नाहीत. घाटे अळीला मात्र तिचं काही वाटत नाही. आणि याच आंबेमुळं एक मोठा गैरसमज सांगायला पाहिजे. कापसात, उसात ट्रायकोग्रामाची कार्डं लावतात ते बघून हरभऱ्यातही लावा असं सांगणारे भेटतात. त्या बारीक गांधीलमाशीला हरभऱ्याच्या आंबट केसाळ पानावर फिरताच येत नाही, अंडी शोधता येत नाहीत, त्यामुळं इथं त्या कार्डांचा जवळपास उपयोग होत नाही. ते पैसे दुसरीकडं लावा.

पेरताना बियाण्यात मूठभर ज्वारीचे दाणे मिसळा, ही ताटं पिकाच्या वर येतात आणि त्यावर पक्षी बसतात. बांधाच्या कडेनं किंवा काही ओळींआड कोथिंबीर, जवस, मोहरी टाका. कोथिंबिरीला फुलं आली की त्यातल्या मधावर मित्रकीटक जगतात. यातला हरभऱ्यासाठी सगळ्यात कामाचा कॅम्पोलेटिस, लहान अळीच्या पोटात अंडं घालणारी बारीक गांधीलमाशी. तिची खूण ओळखायला शिका. पानाला किंवा काडीला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरट-करडा कोष चिकटलेला दिसतो आणि त्याच्याजवळ अळीची सुकलेली कातडी. असे कोष बऱ्याच झाडांवर दिसले तर हात आवरा, विषारी फवारा मारला तर अळीच्या आधी हेच मरतील.

पीक २० दिवसांचं झालं की एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, हेलिल्युअरची गोळी, सापळा पिकाच्या एक फूट वर राहील असा, पीक वाढेल तसा वर सरकवायचा. एकरी २० पक्षीथांबे, नुसत्या इंग्रजी टी सारख्या काड्या रोवल्या तरी कोतवाल, साळुंक्या येऊन बसतात आणि दिवसभर अळ्या टिपतात. खर्च शून्य.

मग आठवड्यातून दोनदा सकाळी रानात जायचं. रस्त्यावरून बघून कळत नाही, वाकावंच लागतं. शेंड्याच्या पानांवर, कळ्यांवर खसखशीएवढी पिवळसर पांढरी एकेकटी अंडी दिसतात. अंड्यातून निघालेली अळी इतकी बारीक असते की ती दिसत नाही, तिनं पानाचा हिरवा भाग खरवडून खाल्ल्याचे पांढरट ठिपके दिसतात. हे ठिपके दिसले तीच तुमची खरी वेळ. मोठी झालेली अळी घाट्याला गोल भोक पाडून अर्धं शरीर आत, अर्धं बाहेर ठेवून दाणा खाते, आणि एक अळी ३०-४० घाटे फस्त करते, तेव्हा काहीही मारलं तरी गेलेले दाणे परत येत नाहीत.

कधी फवारायचं त्याचं माप ठरलेलं आहे. एका सापळ्यात रोज ८-१० पतंग सलग दोन-तीन दिवस आले, किंवा एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या सापडल्या, किंवा ५ टक्के घाट्यांना भोकं दिसली, तर करायचं. त्याच्या आत असेल तर पक्षी आणि गांधीलमाशीला काम करू द्या.

पहिली फवारणी फुलोरा सुरू होताना ५ टक्के निंबोळी अर्काची. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून, २०० ग्रॅम साबण विरघळवून मिसळायचा आणि पाणी घालून १०० लिटर करायचं. त्याच दिवशी वापरायचं, दुसऱ्या दिवसाला ठेवायचं नाही. निंबोळ्या मे-जूनमध्येच गोळा करून सावलीत वाळवून ठेवाव्या लागतात, ऑक्टोबरात शोधून मिळत नाहीत. वासानं आणि कडूपणानं पतंग अंडी कमी घालतात, लहान अळी खाणं सोडते.

दुसरी फवारणी आठ-दहा दिवसांनी एचएएनपीव्हीची. हा घाटे अळीला रोग लावणारा विषाणू आहे, दुसऱ्या कशालाच त्रास देत नाही, ना मधमाशीला, ना माणसाला, ना डहाळे खाणाऱ्या पोरांना. एकरी २०० मिली २०० लिटर पाण्यात, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५ मिली, आणि त्यात कपड्याची नीळ लिटरला १ ग्रॅम, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी हा विषाणू मरतो, नीळ त्याला आडोसा देते. फवारणी संध्याकाळी चारच्या पुढंच. अळी एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतानाच हे काम करतं, दोन बोटांची झालेली अळी याला दाद देत नाही.

आणि इथं नवीन माणसाचा धीर सुटतो. फवारलं, दुसऱ्या दिवशी गेला, अळ्या जिवंत, म्हणून दुकानात जाऊन जहाल औषध आणलं. अहो, विषाणू अळीच्या पोटात जाऊन वाढायला पाच-सहा दिवस घेतो. आधी ती खाणं कमी करते, फिकट पडते, शेंड्याकडं चढते आणि मागच्या पायांनी फांदीला धरून उलटी लोंबकळत मरते, आतून काळपट पाणी गळतं. त्या पाण्यात नवीन विषाणू असतो, तो पानावर पडून दुसऱ्या अळीला लागतो. शेंड्यांवर अशा उलट्या लोंबणाऱ्या अळ्या दिसल्या की काम झालं म्हणून समजा.

एवढं करूनही ढगाळ हवेत संख्या मापाच्या वर गेलीच, तर रासायनिक औषध मारायला हरकत नाही, पण एकदाच आणि एकच. इमामेक्टीन बेंझोएट ५ एसजी, १० लिटरला ४.४ ग्रॅम. दोन-तीन औषधांचं कॉकटेल करू नका आणि स्वस्तातल्या सायपरमेथ्रीनसारख्या पायरेथ्रॉइडवर भिस्त ठेवू नका. १९८७-८८ च्या हंगामात आंध्रातल्या कापसात याच अळीनं पायरेथ्रॉइडना दाद दिली नव्हती, आणि ती प्रतिकारशक्ती तिच्या पिढ्यांत उतरलेली आहे. हातमोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला न फवारणं, आणि फवारल्यानंतर लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंत रानातले डहाळे कुणाला तोडू द्यायचे नाहीत, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

काढणी आणि साठवण

वाणानुसार १०० ते ११५ दिवसांत पाला पिवळा पडून गळतो, घाटे वाळून आत दाणा खुळखुळतो. फार वाळू दिलं तर हात लावला की घाटे गळतात, म्हणून काढणी पहाटे दवात करायची, सकाळी नऊ-दहानंतर थांबायचं. हार्वेस्टरनं काढणार असाल तर आधी शेजारच्या दोन-चार जणांशी बोलून मशीन ठरवून ठेवा, ऐन वेळी नंबर लागत नाही.

मळणी झाल्यावर पाच-सहा दिवस कडक ऊन द्या. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, नुसता दबला तर अजून ओल आहे. विकायची घाई नसेल तर हमीभाव बघून ठेवा, २०२५-२६ च्या रब्बी पणन हंगामाला तो क्विंटलला ५६५० रुपये होता. खरेदी केंद्रावर द्यायचं असेल तर ऑनलाइन नोंदणी लागते, आणि त्यासाठी सातबाऱ्यावर हरभऱ्याची पीकपाहणी लागलेली पाहिजे, ती मोबाईलवरून पीक उभं असतानाच करून टाका, नंतर तलाठ्याच्या मागं फिरून काही होत नाही.

पुढच्या वर्षीचं बियाणं रानातल्या चांगल्या, मर न लागलेल्या पट्ट्यातूनच काढून वेगळं मळा. भुंगा बहुतेक वेळा जुन्या पोत्यांतून आणि कोपऱ्यातल्या सांडलेल्या धान्यातून येतो, त्यामुळं खोली झाडून घ्या, पोती नवी नाहीतर उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेली घ्या, बियाण्यात सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला मिसळा आणि पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा. पावसाळा लागायच्या आधी एकदा पोती उघडून दाण्यावर पांढरी अंडी चिकटलेली दिसतात का बघा, दिसली तर लगेच परत ऊन द्या. आणि ज्या रानात यंदा हरभरा झाला त्या रानात पुढच्या रब्बीला ज्वारी किंवा गहू घ्या, हरभरा दुसऱ्या तुकड्यात हलवा.